कललेल्या भिंतीची घरपट्टी

मोजणीदार आला तेव्हा मिस्त्री अंगणात बसून थापीची मूठ बदलत होता. मूठ चांगलीच होती. पण हाताला काम हवं म्हणून त्यानं ती काढली होती.

त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या होत्या. नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं, तेही कळशी दोन कळशी. प्यायलाच पाणी नाही तिथे माल कालवायला कोण देणार? गावातली बांधकामं होती तिथे थांबली. कुणाची भिंत कमरेएवढी, कुणाची छातीएवढी, सगळ्या उन्हात तापत उभ्या होत्या. मिस्त्रीच्या तळहाताची साल निघत होती. आयुष्यभर ओल्या मालात राहिलेले हात कोरडे पडले की असंच होतं.

"घर तुमचंच का?" मोजणीदारानं विचारलं. पोट सुटलेला, घामाघूम झालेला माणूस होता. खांद्याला पिशवी, हातात लोखंडी फीत.

"माझंच. मीच बांधलंय."

"घरपट्टीची फेरमोजणी आहे. दर चार वर्षांनी असते. घरात कोण कोण?"

"मी आणि सून. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून एकदा येतो."

"आणि वहिनी?"

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. "ती गेली. थंडीत."

मोजणीदारानं फीत खाली धरली. मग म्हणाला, "वाईट झालं हो. मागच्या खेपेला त्यांनी मला चहा दिला होता. तुम्ही कुठे तरी कामाला गेला होता."

"मी दर खेपेला कुठे तरी कामालाच असतो," मिस्त्री म्हणाला.

मोजणी सुरू झाली. मोजणीदारानं फितीचं टोक कोपऱ्यात धरून दुसरं टोक ओढलं. मिस्त्री त्याच्या मागेच होता.

"फीत ढिली आहे."

"असू द्या. इंच-दोन इंचानं काय होतं?"

"इंच-दोन इंचानं? अहो, दोन इंच चुकले की दार बसत नाही. द्या इकडे." मिस्त्रीनं स्वतः टोक धरलं आणि फीत तारेसारखी ताणली. "आता वाचा."

मोजणीदारानं वाचलं, लिहिलं. मग जुना कागद काढून म्हणाला, "भिंती मातीच्या. छप्पर पत्र्याचं."

"काय म्हणालात?"

"मातीच्या. मागच्या खेपेचं असं लिहिलंय. वहिनींनीच सांगितलं असेल."

मिस्त्री भिंतीजवळ गेला आणि बोटाच्या पेरानं तीनदा ठोकलं. "ऐका. मातीचा असा आवाज येतो का? पक्की वीट आहे. चुन्यात बांधलेली. भट्टीवर बसून एकेक वीट वाजवून घेतलीय मी."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. सून होती. मिस्त्रीला वाटलं, तिच्या हातून पडलं.

"आणि पाया लिहा. दगडाचा आहे, कमरेइतका खोल."

"आमच्या कागदात पाया नसतो."

"पाया नसतो? मग घर कशावर उभं असतं तुमच्या कागदात?"

आता आतून दोन भांडी आपटली. मोजणीदार हसत हसत लिहीत होता. अंगणातल्या वेलाच्या मांडवाशी तो थांबला. मिस्त्री म्हणाला, "हे खांब बघा. हलवून बघा. रेडा बांधला तरी हलायचे नाहीत."

मोजणीदारानं खांब हलवून बघितला, मान डोलावली आणि मांडवही मोजून घेतला.

तो गेल्यावर सून बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला, कपाळाला पीठ लागलेलं. "मामंजी, घर विकायला काढलंय का?"

"छे. का गं?"

"गिऱ्हाइकाला दाखवतात तसं दाखवलंत म्हणून विचारलं."

---

पंधरवड्यानं नोटीस आली. सुनेनं ती उंबऱ्यात उभी राहूनच वाचली आणि मग खाली बसली.

"दुप्पट," ती म्हणाली. "जवळजवळ दुप्पट केलीय."

"कशानं?"

"तुमच्या तोंडानं."

सून थोडं शिकलेली होती आणि समजावून सांगायची तिची हातोटी होती. तिनं मिस्त्रीला समोर बसवलं. "तुम्ही भिंतीचा अंदाज कसा काढता? लांबी, उंची, मग वीट कोणती, चुना की माती. होय ना? पट्टीही तशीच काढतात. घर केवढं, कशाचं बांधलंय, किती जुनं आहे, राहायला आहे की धंद्याला. यावर आकडा निघतो."

"म्हणजे जितकं चांगलं बांधाल तितका दंड?"

"दंड नाही, पट्टी."

"चांगल्या घराचे पैसे मी बांधतानाच मोजलेत."

"ते घराचे. हे घराबाहेरचे. रस्ता, दिवा, गटार, नळ."

"नळाला पाणी आहे कुठे?"

"दोन कळशा येतंय ना? पट्टी थकली की आधी नळ तोडतात. मग त्या दोन कळशाही गेल्या. नदीच्या डबक्यावर जायचं का मी, डोक्यावर हंडा घेऊन?"

मुलगा पाठवायचा त्यात दोघांचं जेमतेम भागत होतं. मिस्त्रीच्या स्वतःच्या हाताला दोन महिने काम नव्हतं. बायको होती तेव्हा हे सगळं कुठून कसं भरलं जायचं ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पट्टी म्हणजे तिचं खातं. जसं मीठ कुठे ठेवलंय ते तिचं खातं.

"हरकत घेता येते," सून म्हणाली. "कचेरीत सुनावणी आहे. आपण दोन गोष्टी सांगायच्या. एक, मांडव म्हणजे खोली नव्हे. त्याला छप्पर नाही, भिंत नाही, नुसता वेल आहे. तुम्ही रेडा बांधला नसता तर त्यांनी मोजलाही नसता."

"आणि दुसरी?"

सुनेनं मागे वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. "दुसरी ती भिंत."

मिस्त्रीनंही तिकडे बघितलं.

त्या एवढ्याशा घरात एकच भिंत मिस्त्रीनं बांधलेली नव्हती. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती, तो दूरच्या पुलाच्या कामावर होता. तेव्हा स्वयंपाकघराच्या मागे नुसता कूड होता, तो पावसात बसला. बायकोनं त्याची वाट बघितली नाही. अंगणात उरलेल्या विटा होत्या, माती होती. तिनं दोरीला वरवंटा बांधून ओळंबा केला आणि भिंत उभी केली. वरवंट्याच्या वजनानं दोरी कुठे सरळ राहिली आणि कुठे झोका घेत राहिली, ते त्या भिंतीकडे बघून कळायचं. मधोमध ती बाहेरच्या अंगाला फुगली होती, आतल्या अंगाला त्याचा खळगा. वरचं टोक एकीकडे झुकलेलं. फळीवर डबा ठेवला की तो आपोआप डावीकडे सरकायचा. तिनं प्रत्येक डब्याखाली लाकडाची पाचर ठेवली होती.

मिस्त्री पुलावरून परतला आणि भिंत बघून इतका हसला, की त्याला खाली बसावं लागलं. तिनं कमरेवर हात ठेवले आणि त्याचं हसणं संपेपर्यंत वाट बघितली.

"झालं हसून?"

"पुढच्या सुट्टीत पाडतो," तो म्हणाला.

"हात लावून बघा."

हे बोलणं त्या घरात पुढे कायमचं झालं. मिस्त्री जेवायला बसला की भिंतीकडे बघून म्हणायचा, पुढच्या सुट्टीत पाडतो. ती ताट ठेवता ठेवता म्हणायची, हात लावून बघा. सून नवी नवी आली तेव्हा तिला वाटलं, भांडण आहे. मग तिच्या लक्षात आलं, की कोशिंबिरीला मीठ लागतं तसं यांना हे लागतं.

"मोडकळीला आलेल्या भागाची पट्टी निम्मी करतात," सून हळूच म्हणाली. "भिंत कललीय. ते काही खोटं नाही."

"कललीय," मिस्त्री म्हणाला.

"मग सांगाल ना?"

"बघू."

---

सुनावणीला सगळा गाव कचेरीत जमला होता. आत जागा नव्हती, म्हणून टेबल पिंपळाखाली आणून ठेवलं होतं. टेबलामागे आकारणी करणाऱ्या बाई. त्यांना गावानं पहिल्याच दिवशी पट्टीबाई करून टाकलं होतं. जाड चष्मा, आवाज शांत, आणि ऐकताना पेन खाली ठेवायची सवय. शेजारी मोजणीदार घाम पुसत उभा.

मिस्त्री मागच्या बाकावर टेकला. शेजारी सून. आयुष्यात पहिल्यांदाच तो सुनावणीला आला होता.

पहिला उभा राहिला गिरणीवाला. मिस्त्रीचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं घर म्हणजे मिस्त्रीच्या हातचं सगळ्यात देखणं काम. दोन मजली, कोपरे असे की सुरीनं कापल्यासारखे.

"बाई, काय सांगू," गिरणीवाल्यानं कपाळाला हात लावला. "घर आहे म्हणायचं, बाकी काही नाही. भिंतींना तडे. छप्पर गळतं. रात्री झोपताना वाटतं, सकाळी उठतोय का नाही."

मिस्त्री ताठ बसला.

मग दुकानदार उठला. त्याच्या घराची जमीन खचली होती. मग दूधवाली. तिच्या भिंतीतून माती झडत होती, मुलांच्या डोळ्यांत जात होती. मग शाळेतले मास्तर. त्यांचं दार लागत नव्हतं, कारण चौकटच वाकडी बसवली होती. एकेक जण उठत होता आणि आपल्या घराचा असा काही पाणउतारा करत होता, की ऐकणाऱ्याला वाटावं या गावात माणसं नाहीत, नुसते ढिगारे राहतात. आणि त्यातली निम्म्याहून जास्त घरं मिस्त्रीनं बांधली होती.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हात मांडीवर चोळू लागला. सून हळूच म्हणाली, "मामंजी, हे असंच असतं. मनावर घेऊ नका."

पण मिस्त्री उठलाच.

"अरे," तो गिरणीवाल्याला म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात, दुःख होतं. "छप्पर गळतं, मग मला का नाही सांगितलंस? रोज माझ्या ओट्यावर बसून चहा पितोस तू."

गिरणीवाला खोकला. "म्हणजे, तसं फार नाही गळत."

"थेंबभर गळलं तरी माझी चूक आहे. आणि तडा कुठे गेलाय? पूर्वेच्या भिंतीला का? उद्या सकाळी येतो. तडा गेलेली भिंत पाडून नवी बांधून देतो. पैसे नको."

"पाडू नकोस!" गिरणीवाला ओरडला.

"का? रात्री झोप लागत नाही ना तुला?"

पिंपळाखाली कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मिस्त्री दुकानदाराकडे वळला. "तुमची जमीनही बघतो परवा. सगळी उखडावी लागेल. दुकान आठवडाभर बंद ठेवा."

"असू दे हो मिस्त्री," दुकानदार घाईनं म्हणाला, "खचली म्हणजे काय, एका कोपऱ्यात, पेलाभर."

"मास्तर, तुमची चौकट?"

"लागतं दार," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "जोरानं लावलं की लागतं."

आता सगळी माणसं हसत होती. दूधवाली तर तोंडाला पदर लावून गदगदत होती. पट्टीबाईंनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "मी प्रत्येक घर स्वतः येऊन बघेन. ज्याचं खरंच मोडलंय त्याची पट्टी कमी होईल. मिस्त्री, तुम्ही बसा."

मिस्त्री बसला. सगळे का हसतायत ते त्याला अजून नीट उमगलं नव्हतं. गिरणीवाला त्याच्याजवळ सरकला आणि कानात म्हणाला, "वहिनी होत्या तोवर बरं होतं रे. फेरमोजणी आली की तुला गावाबाहेर काढायच्या."

"मला? कुठे?"

"तुझ्या मेव्हण्याकडे. पायरी बसवायला."

मिस्त्रीनं सुनेकडे बघितलं. सून नखं बघत होती.

"आत्याबाई आधी निरोप पाठवायच्या," ती म्हणाली. "की मोजणी आलीय, पायरी उचकटून ठेव."

मेव्हण्याच्या दाराची पायरी! मिस्त्रीला ती पायरी पाठ होती. दर चार वर्षांनी निखळायची. त्यानं तिच्याखाली खडी भरली, चुना बदलला, दगड बदलला. एकदा तर रात्रभर झोप लागली नव्हती, की आपल्या हातचं काम असं कसं निसटतं. मेव्हणाही दर वेळी चेहरा पाडून म्हणायचा, काय करावं कळत नाही बघा दाजी.

त्याचे खांदे हलायला लागले. सुनेला वाटलं, रडतायत. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. मिस्त्री हसत होता. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि परत हसला.

"दगड बदलला होता गं मी," तो म्हणाला. "नदीतनं डोक्यावर आणला होता."

त्याच वेळी मोजणीदारानं त्याला पुकारलं. मिस्त्री पुढे गेला.

"तुमची हरकत काय?" पट्टीबाईंनी विचारलं.

मिस्त्री उभा राहिला. भोवती गिरणीवाला, दुकानदार, मास्तर, सगळे कान टवकारून. आता हा काय सांगतो ते ऐकायचं होतं त्यांना.

"काही नाही," तो म्हणाला.

"आहे!" मागून सून उठली. "मांडव खोली म्हणून मोजलाय. आणि स्वयंपाकघराची भिंत कललीय."

"मिस्त्रीच्या घरची भिंत कललीय?" गिरणीवाला म्हणाला. "वा रे वा! उद्या येतो मी पाडायला. पैसे नको."

---

दोन दिवसांनी पट्टीबाई घरी आल्या. उन्हानं तोंड लाल झालेलं. सुनेनं पाणी दिलं तर त्यांनी अर्धाच पेला घेतला आणि म्हणाल्या, "तुमचंही मोजून येतं ना?" सुनेला त्या तिथेच आवडल्या.

मांडवाचं काम पटकन झालं. बाईंनी वर बघितलं, वेलातून आकाश दिसत होतं. "ही खोली नव्हे," त्या म्हणाल्या. मोजणीदारानं निमूटपणे खोडलं. घर किती जुनं ते त्यांनी विचारलं. जुन्या बांधकामाला वयाप्रमाणे सूट असते, ती धरलीच नव्हती. तीही धरली. "आणि मुदतीच्या आत एकरकमी भरलंत तर आणखी थोडी सूट आहे. हे कुणी सांगितलं होतं का?"

"कुणी नाही," सून म्हणाली.

"नोटिशीच्या मागे बारीक अक्षरात असतं."

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि मान तिरकी करून बघत राहिल्या. मोजणीदार मात्र बोलला. "अरे देवा."

"ओळंबा आहे का?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रीनं आपला ओळंबा आणला. पितळेचा, घासून घासून गुळगुळीत झालेला. या भिंतीला त्यानं तो कधी लावला नव्हता. स्टुलावर चढून त्यानं दोरी वरून सोडली. वजन खाली आलं, हललं, थांबलं. मधोमध दोरी आणि भिंत यांच्यामध्ये मूठभर अंतर. मोजणीदारानं स्वतःची मूठ घालून बघितली. आत गेली, वर जागा उरली.

"ही कशी काय?" पट्टीबाई म्हणाल्या. "बाकी सगळं घर रेघेत आहे."

"ही घरच्यांनी बांधली," मिस्त्री म्हणाला.

बाईंना कळलं. त्यांनी फळीवरच्या डब्यांखालच्या पाचरी बघितल्या. मग म्हणाल्या, "मी ही मोडकळीला आलेली म्हणून लिहू शकते. स्वयंपाकघराची पट्टी निम्मी होईल. पण नियम असा आहे, की तसं लिहिलं की पावसाच्या आत ती पाडावी लागते. धोक्याचं बांधकाम ठेवता येत नाही. माणूस येऊन बघून जाईल."

सुनेनं हे वाचलेलं नव्हतं. ती मिस्त्रीकडे बघायला लागली. मिस्त्री स्टुलावरच उभा होता, हातात दोरी. पट्टी निम्मी झाली असती तर बरंच सोपं झालं असतं. बाई पेन काढत होत्या. गप्प राहिलं की झालं.

"एक मिनिट बाई," तो म्हणाला. "जरा मागच्या बाजूला चला."

घरामागे, भिंतीला लागून, गुडघ्यापेक्षा थोडा उंच दगडी ओटा होता. त्यावर जळणाची लाकडं रचलेली. मिस्त्रीनं लाकडं बाजूला केली. सून पुढे झाली आणि तीही काढायला लागली.

"हा काय, लाकडं ठेवायला?" मोजणीदारानं विचारलं.

"तिला तसंच सांगितलं होतं. ती माहेरी गेली होती तेव्हा बांधला." मिस्त्रीनं ओट्याच्या कडेवर पाय ठेवला. ओट्याचे लांब दगड थेट भिंतीत शिरले होते, एकेक थर सोडून. "खाली पाया आहे. भिंतीचा सगळा भार हा घेतो. भिंत कललीय, पण पडायची नाही. पडण्यासारखी असती तर मी बायकोला, सुनेला तिच्याजवळ स्वयंपाक करू दिला असता का?"

असं म्हणून त्यानं खांदा लावून भिंतीला रेटा दिला. कपाळाच्या शिरा फुगल्या. भिंत जागची हलली नाही. मोजणीदारानंही पोटासकट रेटून बघितलं.

"म्हणजे मोडकळीस नाही," पट्टीबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग सूट नाही."

"नको." मग तो सुनेकडे वळला, जरा ओशाळून. "तू म्हणशील, म्हाताऱ्यानं पुन्हा तोंड उघडलं."

सून भिंतीत शिरलेल्या दगडांवरून हात फिरवत होती. "आत्याबाईंना माहीत होतं," ती म्हणाली. "मला एकदा म्हणाल्या होत्या, लाकडांना एवढा पाया कशाला लागतो कोण जाणे."

मिस्त्रीनं एकदम लाकडं परत रचायला घेतली. बराच वेळ त्यानं वर बघितलं नाही.

"काय लिहू मग?" बाईंनी विचारलं. "स्थिती?"

"चांगली लिहा," मिस्त्री लाकडांकडे बघतच म्हणाला. "नव्यासारखी नको. चांगली."

निघताना पट्टीबाई दारात थांबल्या. "मिस्त्री, पाण्याशिवाय भिंत बांधता येते?"

"दगडावर दगड बसवून येते. का?"

"कचेरीच्या मागचं कुंपण पडलंय. दगड तिथेच आहेत. मजुरी मिळेल."

---

पुढचे आठ-दहा दिवस मिस्त्री आणि सून कचेरीच्या मागे होते. पहाटे गारव्यात सुरुवात करायची, ऊन चढलं की सावलीला यायचं, उतरलं की परत. सून दगड आणून द्यायची, मिस्त्री बसवायचा. कोरड्या कामात माल नसतो, चूक झाकायला काही नसतं. दगड हातात घ्यायचा, फिरवायचा, त्याचं तोंड कुठे आहे ते बघायचं. बसला तर बसला, नाही तर बाजूला ठेवायचा आणि पुढे त्याची जागा येते का ते बघायचं. सुनेच्या बोटांना फोड आले. तिनं चिंध्या बांधल्या. मिस्त्रीच्या गुडघ्यातून आवाज यायचा, पण तळहाताची साल निघायची थांबली होती.

येणारा-जाणारा उभा राहून बोलून जायचा.

"मिस्त्री, तुझ्याच पट्टीतनं तुलाच मजुरी का रे?"

"तुझ्याही पट्टीतनं. भर लवकर, अजून अर्धी भिंत राहिलीय."

गिरणीवाला रोज यायचा. पट्टीबाई त्याच्या घरी जाऊन आल्या होत्या आणि तडा त्यांना सापडला नव्हता. गिरणीवाल्यानं दाखवला तो कोळ्याच्या जाळ्याचा धागा निघाला. "माझं घर इतकं चांगलं बांधायची काही गरज होती का?" तो मिस्त्रीला म्हणाला. "मी तुला कधी म्हणालो होतो का, चांगलं बांध?"

"म्हणाला होतास."

"तेव्हा मला अक्कल नव्हती."

पण तो बसून राहायचा, आणि जाताना दोन दगड उचलून द्यायचा.

भिंत झाली. मजुरी मिळाली. मुदत संपायला अवकाश होता. मिस्त्री मजुरीची पुडी घेऊन त्याच कचेरीच्या पुढच्या दारानं आत गेला आणि रांगेत उभा राहिला. सुनेनं त्यात घरातले थोडे घातले होते, कारण मजुरी पुरी पडत नव्हती. पट्टी गेल्या खेपेपेक्षा जास्तच होती. पण दुप्पट नव्हती, आणि कशाची किती ते आता त्याला पाठ होतं. खिडकीतल्या माणसानं पैसे घेतले आणि विचारलं, "घर कसलं?"

"कागदात आहे की."

"तरी सांगा."

"पक्क्या विटेचं. चुन्यातलं," मिस्त्री म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल असा जरा आवाज चढवून, "स्थिती चांगली."

बाहेर पडताना त्याचा पाय कचेरीच्या पायरीवर पडला. पायरी हलली. तो थांबला, परत पाय ठेवून बघितला. हलत होती. तो वाकून बघायला लागला, तसा सुनेनं त्याचा दंड धरला.

"मामंजी, आज नको. मी उचकटलेली नाही. आधी घरी चला."

नळाला त्या दिवशी पाणी येणार होतं. आलं. सुनेनं दोन कळशा भरल्या, तिसरी निम्मी भरली तेव्हा नळ खरखरला आणि थांबला. निम्मी कळशी जास्तीची मिळाली म्हणून ती खूश होती. स्वयंपाकघरात जाऊन तिनं चूल पेटवली.

मिस्त्री नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसला. भिंतीच्या खळग्यात त्याची पाठ बरोबर बसायची. दिवसभराच्या कामानं आखडलेली कंबर तिथे टेकली, की सैल पडायची. इतकी वर्षं तो इथेच बसत आला होता, आणि भिंत पाठीला इतकी का मानवते याचा विचार त्यानं कधी केला नव्हता.

सुनेनं फळीवरून डबा काढला, चहाची पूड घेतली, डबा परत ठेवला. डबा डावीकडे सरकायला लागला. तिनं न बघताच हात लांबवून पाचर त्याच्याखाली सारली.

मिस्त्री ते बघत होता.

"पुढच्या सुट्टीत पाडतो," तो म्हणाला.

सुनेचा हात पाचरीवरच थांबला. मग तिनं वळून कमरेवर हात ठेवले.

"हात लावून बघा," ती म्हणाली.